आत्याचा नंबर पोर्ट केला तेव्हा

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांचे दर वाढले आणि त्याच आठवड्यात लांजा तालुक्यातून आत्याचा फोन आला. "अगं, मी महिन्यात बोलते किती आणि हे मागतात किती?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आत्या ७४ वर्षांची आहे, वाडीतल्या घरात एकटी राहते आणि तिच्याकडे बटनांचा साधा फोन आहे. इंटरनेट ती वापरत नाही. संध्याकाळी आम्हा भावंडांशी बोलणे, गॅसचा नंबर लावणे आणि बँकेचा ओटीपी शेजारच्या मुलाकडून वाचून घेणे, एवढ्यासाठी तिला फोन लागतो. परंतु एवढे मात्र न चुकता लागते. तिच्या वाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा नवा टॉवर उभा राहिला होता आणि त्या कंपनीचे रिचार्ज बरेच स्वस्त होते. मी पुण्यातून तिला सांगितले की नंबर तोच ठेवून कंपनी बदलू या.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची, म्हणजे नंबर पोर्ट करण्याची, सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ती खरोखरच सोपी आहे. १९०० या क्रमांकावर एसएमएस केला की आठ अक्षरांचा एक कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात आधार दाखवून सिम घ्यायचे आणि जुने सिम बंद पडले की नवे घालायचे. शेजारच्या मुलाने आत्यासाठी हे सगळे केले. ठरल्या दिवशी रात्री जुने सिम बंद पडले, सकाळी नवे सिम फोनमध्ये गेले आणि फोनच्या पडद्यावर सेवा नसल्याची ओळ उमटली ती काही केल्या जाईना. मी पुण्यातून तीन दिवस तिचा नंबर लावत होते. बाहेर आषाढातला पाऊस, वाडीचा रस्ता उताराचा, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाचा फोन लागत नाही, ही अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी अधिक काही सांगायला नको. शेवटी शेजारच्या मुलाच्या फोनवरून तिचा आवाज ऐकला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

चूक माझी होती. मी दर पाहिला, टॉवर पाहिला, पण आत्याच्या हातातला फोन पाहिला नाही. फोन, नेटवर्क आणि प्लॅन या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात. फोन बनवणारा सिम विकत नाही, सिम विकणाऱ्याला फोनचे अंतरंग ठाऊक नसते, आणि रिचार्ज मारून देणाऱ्याला या दोहोंशी देणेघेणे नसते. या तिन्ही गोष्टी एकमेकींना जुळतात की नाही हे पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नाही, म्हणून ते गिऱ्हाइकाला स्वतः करावे लागते. त्या पावसाळ्यात मी जे शिकले ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण अशी आत्या, आजी किंवा काका प्रत्येकाच्या गावी आहेत.

पहिला घोटाळा समजायला सोपा होता. आत्याचा बटनांचा फोन २जी होता. जुन्या कंपनीचे २जी नेटवर्क चालू होते, म्हणून तो वर्षानुवर्षे चालला. सड्यावरचा नवा टॉवर मात्र फक्त ४जीचा होता. २जीच्या फोनला ४जीचा टॉवर दिसतच नाही. समोर उभा असला तरी नसल्यासारखाच. आपल्याकडे एकेका कंपनीची घडण वेगळी आहे हे इथे लक्षात घ्यावे लागते. जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली ती थेट ४जीवर, तिच्याकडे २जी किंवा ३जी कधीच नव्हते. एअरटेलने ३जी बंद केले, पण २जी ठेवले. व्होडाफोन आयडियाकडे २जी आहे. बीएसएनएलकडे २जी आणि ३जी होतेच, ४जी उशिरा आले. म्हणजे साधा २जी फोन हातात असेल तर कंपनी बदलण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न दराचा नसून, "आमच्या गावातल्या तुमच्या टॉवरवर २जी आहे का?" हा आहे. पुण्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असून उपयोग नाही, आपल्या गावातल्या टॉवरवर हवे.

माघारी फिरावे म्हटले तर तोही मार्ग बंद होता. एकदा पोर्ट केलेला नंबर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. नियम आहे, त्यामागे कारणही आहे, परंतु याचा अर्थ असा की पोर्ट करण्याचा निर्णय चुकला तर ती चूक तीन महिने सांभाळावी लागते. तेव्हा सिम बदलता येत नसेल तर फोन बदलायचा, असे ठरवून मी माझा चार वर्षांचा जुना टचचा फोन पिशवीत घातला आणि एसटीने लांज्याला गेले. फोनच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ४जी लिहिलेले होते. निघण्यापूर्वी मी त्यात माझे सिम घालून पुण्यात दोन दिवस बोलूनही पाहिले होते. मला वाटले, आता काही अडचण येणार नाही.

पडवीत बसून आत्याचे सिम त्या फोनमध्ये घातले. पुन्हा तेच, सेवा नाही. फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुसून घातले, अंगणात फणसाखाली जाऊन पाहिले, काही नाही. तेवढ्यात शेजारचा मुलगा आला. त्याचा फोन माझ्या फोनच्या निम्म्या किमतीचा होता आणि त्यात त्याच कंपनीचे सिम होते. त्यावर मात्र तीन काड्या रेंज. तो म्हणाला, "ताई, सिम बदलून बघूया." सेफ्टी पिनने दोन्ही फोनचे सिमचे खण उघडले. आत्याचे सिम त्याच्या फोनमध्ये घातले आणि अर्ध्या मिनिटात रेंज आली. त्याचे सिम माझ्या फोनमध्ये घातले आणि माझा फोन ढिम्म. सिम चांगले होते, टॉवर चालू होता, दोष माझ्या फोनात होता. या दोन मिनिटांच्या अदलाबदलीने जे कळले ते मला कंपनीच्या मदत क्रमांकावर पाऊण तास घालवूनही कळले नव्हते. म्हणून आजही कोणी विचारले तर मी आधी हेच सांगते, की त्याच जागी, त्याच कंपनीच्या चालू फोनमधले सिम आपल्या फोनात घालून पाहा.

आता माझ्या फोनात काय नव्हते ते सांगते, कारण सगळ्या विषयाचे मर्म तिथे आहे. ४जी ही एकच वाट नाही. मोबाइलचे संदेश ज्या लहरींवरून जातात त्यांचे ठरावीक पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येक बँडला क्रमांक असतो. आपल्या देशात ४जीसाठी मुख्यतः बँड १ म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, बँड ३ म्हणजे १८००, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड ४० म्हणजे २३००, बँड ४१ म्हणजे २५०० आणि बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ हे वापरले जातात. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे. एअरटेलचे मुख्यतः ९००, १८००, २१०० आणि २३०० वर. व्होडाफोन आयडियाचे ९००, १८००, २१०० आणि २५०० वर. बीएसएनएलने आपले नवे ४जी ७०० आणि २१०० वर उभारले. यातही सर्कलनुसार, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागानुसार, फरक पडतो. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे वेगळे सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे, त्यामुळे मुंबईत चालले ते सावंतवाडीत चालेलच असे नाही. आणि एकाच सर्कलमध्येही प्रत्येक टॉवरवर कंपनीचे सगळे बँड लावलेले नसतात. शहरात गर्दी असते म्हणून तीन-चार बँड एकावर एक चढवलेले असतात. डोंगरातल्या एकट्या टॉवरवर कधी एकच असतो.

रेल्वेचे उदाहरण यासाठी मला नेमके वाटते. कोकण रेल्वेचा डबा आणि नेरळ-माथेरानचा डबा हे दोन्ही रेल्वेचेच डबे आहेत, पण रुळांमधले अंतर वेगळे असल्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चढत नाही. फोनचेही तसेच आहे. माझ्या फोनात बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ होते. पुण्यात त्यातले दोन-तीन तरी नेहमी मिळतात, म्हणून तिथे तो उत्तम चालत होता. सड्यावरच्या टॉवरवर फक्त ७०० मेगाहर्ट्झ होते, म्हणजे बँड २८, आणि नेमका तोच माझ्या फोनात नव्हता.

तो का नव्हता यालाही कारण आहे. आपल्या सरकारने ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी २०१६ मध्ये लिलावाला काढल्या तेव्हा किंमत इतकी चढी होती की एकाही कंपनीने त्या घेतल्या नाहीत. मार्च २०२१ च्या लिलावातही त्या तशाच राहिल्या. २०२२ च्या लिलावात जिओने त्या घेतल्या, पण ५जीसाठी. म्हणजे २०१८ ते २०२० या काळात जो फोन भारतासाठी म्हणून बनत होता, त्यात बँड २८ घालण्याचे बनवणाऱ्याला काही कारणच नव्हते, कारण देशात त्यावर कोणाचेही ४जी चालत नव्हते. अनेकांनी तो घातला नाही. पुढे ७०० वर ४जी आले आणि हे सगळे फोन, चांगले चालू असलेले, कोणतीही मोडतोड नसलेले, त्या टॉवरपुढे आंधळे ठरले.

आणि गंमत अशी नव्हे तर खरोखर वाईट वाटावे अशी गोष्ट ही, की डोंगरातल्या घरांना सर्वांत जास्त गरज याच लहरींची असते. लहरींची वारंवारता जितकी कमी तितकी ती दूर जाते, झाडीतून आणि भिंतीतून आत शिरते. आत्याचे घर जांभ्या दगडाच्या जाड चिऱ्यांचे आहे. २३०० मेगाहर्ट्झची लहर त्या भिंतीपाशी अडते, ७०० ची स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. कोकणात आणि घाटमाथ्यावर घरोघर रेंजची एक ठरलेली जागा असते, कोणाची पायरीवर, कोणाची आंब्याच्या बुंध्याशी, कोणाची माळ्यावरच्या खिडकीत. त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

मग आत्यासाठी नवा फोन घ्यायचे ठरले. दुकानात मी विचारले, "यात बँड २८ आहे का?" दुकानदार म्हणाले, "ताई, सगळे फोन ४जीच आहेत." त्यांचाही दोष नाही, त्यांना आजवर असे कोणी विचारलेलेच नव्हते. मी खोक्यावरचा मॉडेल क्रमांक पाहून बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर बँडची यादी काढली. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फोनचे बाजारातले नाव आणि मॉडेल क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच नावाचा फोन भारतासाठी वेगळा, चीनसाठी वेगळा, युरोपसाठी वेगळा बनतो आणि प्रत्येकातले बँड वेगळे असतात. नावावरून शोधले तर भलत्याच देशाची यादी पुढे येते, आणि तिच्यावर विसंबून घेतलेला फोन घरी आल्यावर दगा देतो. म्हणून मॉडेल क्रमांकच पाहायचा. जुना फोन असेल तर तो सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर सापडतो. कोणाचा वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढावा आणि केवायएम असे लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएसने पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळते. बंद केलेल्या आयएमईआयला कोणत्याच कंपनीचे सिम चालत नाही.

बँड जुळले, रेंज आली, चार काड्या दिसू लागल्या. व्हॉट्सॲपवर अमेरिकेतल्या भाच्याचा चेहराही दिसला आणि आत्या हरखली. त्यानंतर मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला तर तो बंद असल्याचे सांगण्यात आले. तिच्या फोनवरून माझा लावला तर एकदाही न वाजता कट झाला. रेंज पुरी, इंटरनेट सुरळीत आणि साधा कॉल मात्र नाही. हा प्रकार ज्याला आधी ठाऊक नाही तो माणूस चक्रावून जातो, आणि दुकानात गेले तर "रेंज तर दाखवतेय की" म्हणून परत पाठवतात.

त्याचे कारण असे. २जी आणि ३जीमध्ये बोलण्यासाठी स्वतंत्र वाट असते. ४जी मुळात फक्त डेटासाठी आखलेले आहे, त्यात बोलण्याची वेगळी वाट नाही. म्हणून ४जीवर बोलायचे तर आवाजाचेच डेटामध्ये तुकडे करून पाठवावे लागतात, आणि त्या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. फोनात किंवा सिमवर व्होल्टी चालू नसेल तर कॉल आला की फोन ४जी सोडून खाली २जी किंवा ३जीवर उतरतो, तिथे बोलणे होते आणि बोलणे संपले की पुन्हा वर चढतो. जुन्या फोनवर कधी पाहिले असेल, फोन वाजला की वरच्या कोपऱ्यातले ४जी जाऊन तिथे ई किंवा एच हे इंग्रजी अक्षर येते आणि बोलणे संपेपर्यंत इंटरनेट थांबते किंवा मंदावते, ते यामुळे. परंतु उतरायला खाली पायरीच नसेल, म्हणजे टॉवर फक्त ४जीचाच असेल, तर फोन जाणार कुठे? कॉल होत नाही. २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा लाखो फोनांना व्होल्टी नव्हते आणि त्यांना बोलण्यासाठी कंपनीचे वेगळे ॲप घालावे लागत होते, ते पुष्कळांना आठवत असेल.

व्होल्टी चालू व्हायला तीन बाजूंनी होकार लागतो. फोनात ती सोय हवी. त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कंपनीची ओळख घातलेली हवी. एकाच फोनात एका कंपनीचे व्होल्टी चालते आणि दुसरीचे चालत नाही ते या कारणाने. आणि कंपनीने आपल्या नंबरावर ते सुरू केलेले हवे. आत्याच्या बाबतीत पहिली गोष्ट होती, उरलेल्या दोन नव्हत्या. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून नव्या फोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, त्याला तास लागला. कंपनीला एसएमएस करून व्होल्टी सुरू करून घेतले. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टी कॉल नावाचे बटण दिसू लागले, ते चालू केले. संध्याकाळी साडेसातला पहिला कॉल लागला. आवाज इतका स्वच्छ होता की आत्या म्हणाली, "अगं, तू परसातूनच बोलतेस की काय!"

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत, कारण ते म्हाताऱ्या माणसांना महागात पडतात. व्होल्टीचा आवाज डेटाच्या वाटेने जातो म्हणून नेटपॅक हवाच, किंवा मोबाइल डेटा सतत चालू ठेवायला हवा, असे कित्येकांना वाटते. तसे नाही. तो कॉल बोलण्याच्या हिशेबात धरला जातो, नेटपॅकमधून कापला जात नाही, आणि बहुतेक फोनांत मोबाइल डेटाचे बटण बंद असले तरी व्होल्टी चालते. बंद करायचे नाही ते वेगळेच, सिमच्या सेटिंगमधला नेटवर्कचा प्रकार. बॅटरी वाचवायची म्हणून कोणीतरी तिथे फक्त २जी किंवा ३जी निवडून देतो आणि मग आठवडाभर फोन लागत नाही.

दोन सिमच्या फोनांबद्दलही सांगायला हवे. साधारण २०१५ ते २०१७ च्या सुमाराचे अनेक फोन असे आहेत की त्यांच्या एकाच खणात ४जी चालते आणि दुसऱ्या खणात फक्त २जी. फक्त ४जीवर चालणाऱ्या कंपनीचे सिम दुसऱ्या खणात घातले तर ते मेल्यासारखे पडून राहते, आणि माणूस सिमला दोष देतो. दोन्ही सिमांच्या जागा बदलल्या की काम होते. सिमही जुने असू शकते. ३जीच्या काळातले सिम अनेकदा ४जीवर चालत नाही, ते कंपनीच्या दुकानातून बदलून घ्यावे लागते. मात्र हरवलेल्या किंवा बंद पडलेल्या सिमच्या जागी नवे घेतले तर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. आणि काही साधे फोन असे असतात की ते एकाच कंपनीचे सिम घेतात. जिओफोन हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. तो स्वस्त असतो आणि त्या कंपनीचेच सिम कायम वापरायचे असेल तर अगदी योग्य आहे, फक्त उद्या पोर्ट केले तर फोनही बदलावा लागेल हे घेतानाच माहीत असावे. माझ्या वडिलांनी २००३ मध्ये रिलायन्सचा सीडीएमए फोन घेतला होता, त्याला तर सिमच नव्हते, नंबर फोनातच कोरलेला. कंपनी सोडली की फोन कपाटात. आमच्या घरी तो अजून आहे.

प्लॅनच्या जुळवण्याबद्दल आता बोलू. आत्यासारख्या माणसाला डेटाचे पैसे का भरायला लावायचे, हा प्रश्न मला फार दिवस टोचत होता. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये नियमात बदल करून प्रत्येक कंपनीला फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले किमान एक रिचार्ज ठेवायला लावले आणि अशा विशेष रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. जानेवारी २०२५ पासून ही रिचार्जे मिळू लागली. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. दुकानात किंवा ॲपमध्ये ती पहिल्या पानावर दिसत नाहीत, शोधावी किंवा नाव घेऊन मागावी लागतात. घरी वायफाय असलेल्या ज्येष्ठांनाही ती पुरतात.

५जीच्या बाबतीत उलटी गोष्ट होते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले. त्यासाठी नवे सिम लागत नाही, जिओ आणि एअरटेल यांच्या ४जी सिमवरच ते चालते. पण जुलै २०२४ पासून अमर्याद ५जी या दोन्ही कंपन्यांनी दिवसाला २ जीबी किंवा अधिक डेटाच्या रिचार्जपुरते ठेवले. ४जीच फोन असलेला माणूस "५जी अमर्याद" वाचून महागडे रिचार्ज करतो आणि त्याच्या पदरात त्यातले काही पडत नाही. माझ्या ओळखीच्या तीन घरांत हे चालले होते. आणखी एक बारकावा असा की जिओचे ५जी स्वतःच्या पायावर उभे आहे, तर एअरटेलने ते सुरुवातीला ४जीचा आधार घेऊन चालवले. आपल्या कंपनीची पद्धत फोनात लागते आणि ५जीचे बँडही, मुख्यतः एन७८ आणि जिओसाठी एन२८. भारतात आयफोनांना ५जी मिळाले तेदेखील डिसेंबर २०२२ मध्ये सॉफ्टवेअर बदलल्यानंतर, फोन आधीपासून सक्षम असूनही.

परदेशी असलेल्या आपल्या माणसांचा विषय यात येतोच, कारण दिवाळीला किंवा नाताळच्या सुट्टीत येणारा प्रत्येक जण एखादा फोन घेऊन येतो. अमेरिकेत मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा त्या कंपनीला कुलूपबंद असतो. कंपनीने कुलूप काढल्याशिवाय इथले सिम तो ओळखत नाही, आणि कुलूप तिथे असतानाच काढून घेणे सोपे जाते. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमचा खणच नाही, त्यांना इथे ई-सिम, म्हणजे फोनातच असलेले, कार्डाविना चालणारे सिम, घ्यावे लागते. बँडची गोष्ट तर अशी आहे की अमेरिकेतही ७०० मेगाहर्ट्झ आहे, पण तिथले बँड १२, १३ आणि १७ आहेत. आकडा तोच वाटला तरी आपला बँड २८ वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात मात्र ७०० मेगाहर्ट्झच्या ४जीला बँड २८ च वापरतात, तेव्हा मेलबर्नहून आलेला फोन आत्याच्या वाडीत चालण्याची शक्यता न्यू जर्सीहून आलेल्या साध्या फोनपेक्षा जास्त.

उलट दिशेने जाणाऱ्या आईवडिलांचीही काळजी घ्यायला हवी. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले, म्हणजे तिथे बोलायचे तर व्होल्टी हवे, आणि एटी अँड टी आपल्या यादीत नसलेल्या फोनांना ते देत नाही. इथला महागडा फोनही त्या यादीत नसू शकतो. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद केले, आणि ज्या फोनवरून ४जीवर ००० हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही तो फोन नेटवर्कवर घ्यायचाच नाही असा तिथे नियम आहे. एरवी व्होल्टीवर बोलता येणारा, पण आपत्कालीन कॉलसाठी ३जी शोधणारा फोनसुद्धा त्यात अडकतो. नातवंडांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच फोनचा मॉडेल क्रमांक मुलांना कळवावा आणि तिथल्या कंपनीच्या पानावर तो तपासून घ्यावा.

अँड्रॉइड फोन असेल तर *#*#४६३६#*#* दाबून फोनच्या माहितीचे एक पान बऱ्याच फोनांत उघडते. त्यात व्होल्टी चालू आहे की नाही, फोन या क्षणी ४जीवर आहे की खाली उतरला आहे, हे कळते. त्या पानावरची बटणे उगाच दाबू नयेत.

आत्याचे ९० दिवस ऑक्टोबरमध्ये संपले, पण परत पोर्ट करण्याची गरज उरली नव्हती. तिच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर फोनचा मॉडेल क्रमांक, आयएमईआय, कंपनीचे नाव, रिचार्जची तारीख आणि "व्होल्टी चालू असावे" एवढे मोठ्या अक्षरांत आहे, म्हणजे शेजारचा मुलगा नसला तरी येणाऱ्या कोणालाही काय पाहायचे ते कळेल. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या भावाचा निरोप आला, "आत्यासाठी चांगला फोन आणतो, कुठला आणू?" मी त्याला फोनचे नाव कळवले नाही. बँड १, ३, ५, ८, २८, ४०, ४१, कुलूप काढलेला, सिमचा खण असलेला आणि आत्याच्या कंपनीचे व्होल्टी चालेल असा, एवढे लिहून पाठवले. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले, "इथे असा मिळत नाही, तूच लांज्यात घे. पैसे पाठवतो."